प्रभागांच्या सीमा कोणीं आंखाव्या ?

महाराष्ट्रांतील २९ महानगरपालिकांच्या निवडणुका १५ जानेवारी २०२६ रोजीं एकदांच्या पार पडल्या. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजीं संपली होती. पुण्याची त्याच महिन्यांत संपली. आणि नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, कोल्हापूर व छत्रपति संभाजीनगर येथील सभागृहें तर २०२० सालींच रिकामीं झालीं होतीं. म्हणजे राज्यांतील मोठमोठ्या शहरांचा कारभार कोठें जवळजवळ चार वर्षें, तर कोठें पांच वर्षांहून अधिक काळ, लोकांनीं न निवडलेल्या प्रशासकांच्या हातीं राहिला. आतां सभागृहें भरलीं आहेत, आणि झालें गेलें विसरून जावें अशी वृत्ति जिकडे तिकडे दिसूं लागली आहे. आमच्या मतें ही वृत्ति घातक आहे. ज्या कारणांमुळें हा काळ ओढवला त्यांतील एक मोठें कारण अद्याप जागच्या जागीं आहे, आणि तें दूर करण्यास आजच्या इतका अनुकूल काळ पुन्हां लवकर येणार नाहीं. तें कारण म्हणजे प्रभागांच्या सीमा आंखण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचें आपल्या कायद्यानें दिलेलें चुकीचें उत्तर होय.

सामान्य वाचकास सीमा आंखण्याचें काम मोजणीदाराचें वाटतें. नाला कोठें, रेल्वेचा रूळ कोठें, कोणता रस्ता कोणत्या बाजूस धरावा, यांत राजकारण तें काय, असा प्रश्न भले भले लोक करतात. त्यांनीं एखाद्या वाण्यास विचारावें. वजनांवर सरकारी निरीक्षकाचा शिक्का असल्यावांचून त्यास धंदा करतां येत नाहीं. दुकानदार कितीही सचोटीचा असला, तरी आपलीं वजनें आपणच तपासून त्यांवर आपणच शिक्का मारण्याची मुभा कायदा त्यास देत नाहीं. मग ज्या मापानें लोकांचें मत मोजावयाचें तें माप, ज्यांच्या नशिबाचा निवाडा त्याच मापावर व्हावयाचा त्यांच्याच हातीं कां द्यावें ? एका पेठेंतील चार हजार घरें एका प्रभागांत राहिलीं, तर त्यांचा आवाज सभागृहांत पोंचतो. तींच घरें चार प्रभागांत हजार-हजार अशीं वांटून टाकलीं, तर मतदार तेच, मतें तींच, आणि आवाज मात्र नाहींसा होतो. रेघ ओढणारानें एकाही मतदाराचें नांव यादींतून काढलेलें नसतें. म्हणूनच हा अन्याय डोळ्यांस दिसत नाहीं, आणि दिसला तरी सिद्ध करणें कठीण जातें.

हा अन्याय दोन तऱ्हांनीं होतो. एक, सीमा मुद्दाम वांकड्या करून. आणि दुसरी, बदलणें अवश्य असतांही त्या जशाच्या तशा ठेवून. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत १८१२ सालीं गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या संमतीनें आंखलेला एक मतदारसंघ इतका वेडावांकडा होता कीं, चित्रकारानें त्यास पंख फुटलेल्या प्राण्याचें रूप दिलें, आणि तेव्हांपासून त्या लबाडीस गेरींचेंच नांव चिकटलें. ही पहिली तऱ्हा. दुसरीचें उदाहरण इंग्लंडचें. १८३२ च्या सुधारणेपूर्वीं ओल्ड सेरम नांवाच्या उजाड टेकडीस पार्लमेंटांत दोन प्रतिनिधि होते, आणि मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स या कारखान्यांनीं गजबजलेल्या शहरांस स्वतःचा एकही नव्हता. तेथें नवी वांकडी रेघ कोणीं ओढली नव्हती. लोकवस्ती हलली होती, रेघा जुन्या होत्या, आणि ज्यांचा फायदा होत होता त्यांनींच त्या पुसावयाच्या होत्या. टेनेसी राज्यांत १९०१ नंतर साठ वर्षें हेंच झालें. मेम्फिससारखीं शहरें फुगत गेलीं आणि विधिमंडळांतील बहुमत विरळ वस्तीच्या भागांकडे राहिलें. १९६२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयास त्यांत हात घालावा लागला. ज्यानें त्यानें आपापल्या घरची रेघ सुधारावी असें म्हणून ती सुधारत नाहीं, हा या सर्व इतिहासाचा बोध आहे.

परक्यांचीं उदाहरणें पुरेशीं वाटत नसतील, तर आपल्या राज्याचें एक उदाहरण आंकड्यांनिशीं पाहावें. आपल्या विधानसभेचे मतदारसंघ १९७१ च्या जनगणनेवरून आंखले गेले आणि ते २००८ पर्यंत तसेच राहिले. या काळांत गिरणगांवचा कामगार परळ-लालबाग सोडून डोंबिवली, कल्याण, ठाणें असा सरकत गेला. २००१ च्या जनगणनेंत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ३३ लक्ष ३८ हजार भरली व त्यास १७ आमदार होते. तत्कालीन ठाणें जिल्ह्याची ८१ लक्षांहून अधिक भरली व त्यास १३ च आमदार होते. भागाकार केला म्हणजे मुंबई शहरांत सुमारें १ लक्ष ९६ हजार लोकांमागें एक आमदार पडतो, आणि ठाण्यांत सव्वासहा लक्षांमागें एक. परळच्या चाळींतून डोंबिवलीच्या खोलींत राहावयास गेलेल्या माणसाचें मत खाडी ओलांडतांच तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी झालें ! २००८ च्या पुनर्रचनेनें मुंबई शहरास १०, उपनगरास १७ च्या जागीं २६, आणि ठाण्यास २४ आमदार दिले. तेव्हां तिन्ही ठिकाणीं दर आमदारामागें लोकसंख्या सव्वातीन ते साडेतीन लक्षांच्या दरम्यान आली. शहरांस वाढीव जागा दिल्या कीं खेड्यांचें नुकसान होतें, असें कांहीं मंडळी म्हणतात. त्यांनीं हेंही लक्षांत घ्यावें कीं, त्या १३ जागांतच जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी मतदाराचाही वांटा होता. माप खोटें असलें म्हणजे त्याचा फटका शहरी आणि खेडवळ असा भेद पाहत नाहीं.

२००८ ची ही दुरुस्ती उशिरा झाली, पण ती निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र आयोगानें केली, आणि त्या आयोगाचा निर्णय बदलण्याचा अधिकार मंत्र्यांस, विधानसभेस किंवा संसदेसही नव्हता. आतां नगरपालिकांकडे वळून पाहावें. तेथें याच्या नेमकें उलट आहे.

पुणें शहराच्या मागील पांच निवडणुका घ्या. २००२ सालीं एका प्रभागांतून तीन नगरसेवक निवडले गेले. २००७ सालीं एक. २०१२ सालीं दोन. २०१७ सालीं चार. आणि २०२६ सालीं पुन्हां चार. यांच्या मधल्या काळांतील गंमत निराळीच. २०१९ च्या अखेरीस अधिकारावर आलेल्या सरकारनें एका प्रभागास एकच नगरसेवक असा कायदा केला. त्याच सरकारनें २०२१ मध्यें तो बदलून तीन केले. आणि २०२२ च्या मध्यास आलेल्या दुसऱ्या सरकारनें ते पुसून चार केले. तीनांच्या हिशेबानें पुण्याचे ५८ प्रभाग व १७३ नगरसेवक ठरून सीमाही अंतिम झाल्या होत्या. त्या सर्व रद्द झाल्या, आणि २०२५ सालीं ४१ प्रभाग व १६५ नगरसेवक अशी नवी रचना झाली. मुंबईंतही तेंच. तेथें प्रभाग एकसदस्यीय. पण नोव्हेंबर २०२१ मध्यें त्यांची संख्या २२७ वरून २३६ करण्यांत आली, त्याप्रमाणें सीमा आंखल्या गेल्या, आरक्षणाची सोडतही निघाली, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें नव्या सरकारनें आंकडा पुन्हां २२७ वर आणून ठेवला. या सर्व अवधींत जनगणना एकही झाली नाहीं. लोकसंख्येचा आंकडा २०११ चाच होता. बदललें तें केवळ सरकार. एका पक्षास आम्ही दोष देत नाहीं, कारण यांतून सुटलेला मोठा पक्ष राज्यांत एकही नाहीं. ज्याच्या हातीं लेखणी आली त्यानें ती चालविली.

आणि ती लेखणी त्यांच्या हातीं कशी आली तेंही पाहाण्यासारखें आहे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें नगरपालिकांच्या मतदारयाद्या व निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या स्वाधीन केल्या. प्रभागांच्या सीमांचें काम मात्र राज्याच्या कायद्यावर सोडलें. महाराष्ट्रांत तें काम आयोगच करीत असे. मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणाविषयीं सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ४ मार्च २०२१ रोजीं लागला, आणि त्यांतून वाट काढण्यास वेळ मिळावा म्हणून मार्च २०२२ मध्यें विधिमंडळानें सीमांचा अधिकार आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेतला. आरक्षणाचा प्रश्न खरा होता, आणि निवडणुका लांबण्याचें तें मुख्य कारण होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आरक्षणाच्या प्रश्नास आलेलें औषध सीमांच्या प्रश्नास विष ठरलें. आज पद्धति अशी आहे कीं, महापालिकेचा आयुक्त आराखडा तयार करतो, तो नगरविकास खात्याकडे जातो, आणि नंतर मान्यतेसाठीं आयोगापुढें येतो. आयुक्त सरकारचा, खातें सरकारचें, आणि २०२५ सालीं तर आयुक्तावर लक्ष ठेवणारें सभागृहच अस्तित्वांत नव्हतें. नागरिकांस हरकती घेण्याचा अधिकार आहे, आणि पुण्यांत पांच हजारांहून अधिक हरकती आल्याही. पण हरकत नाकारली तर ती कां नाकारली याचें सविस्तर लेखी उत्तर मिळविण्याची सोय प्रत्येक हरकतदारास नाहीं. कुंपण घालण्याचें काम शेताच्या राखणदारास सोडून शेतावर डोळा असलेल्या शेजाऱ्यास दिलें, तर कुंपण कोणीकडे सरकेल हें सांगण्यास ज्योतिषी नको.

याचा तोटा कोणास झाला ? मुंबई महापालिकेचा २०२५-२६ सालचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटि रुपयांचा होता. तो प्रशासकानेंच मांडला आणि प्रशासकानेंच मंजूर केला. या शहरांत १८७२ च्या कायद्यानें ६४ पैकीं ३२ सभासद निवडण्याचा हक्क करदात्यांस मिळाला होता. फेरोजशहा मेहतांसारख्यांनीं तो हक्क वाढविण्यासाठीं आयुष्यें वेंचलीं. परक्या सरकारच्या अमदानींत ज्या शहरानें निम्मे सभासद निवडले, त्या शहरास स्वराज्यांत तीन अर्थसंकल्पांवर एक शब्द बोलणारा स्वतःचा माणूस असूं नये, याहून लाजिरवाणी गोष्ट ती कोणती ! पुण्यांतील दुसरें उदाहरण याहूनही कडू आहे. जून २०२१ च्या अखेरीस २३ गांवें महापालिकेंत आलीं. त्या दिवशीं त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या. त्यानंतर जानेवारी २०२६ पर्यंत त्या गांवांस ना सरपंच होता, ना नगरसेवक. कराचें बिल मात्र महापालिकेकडून येऊं लागलें. पाण्याच्या टँकरसाठीं कोणाच्या दारीं जावें, याचें उत्तर त्या गांवकऱ्यांस साडेचार वर्षें कोणीं दिलें नाहीं.

आतां चार नगरसेवकांच्या प्रभागाविषयीं. या पद्धतीच्या कैवाऱ्यांचें म्हणणें असें कीं, मोठ्या प्रभागामुळें नगरसेवकाची दृष्टि गल्लीपलीकडे जाते, आणि आरक्षणाच्या सोडतींत एखाद्याचा प्रभाग गेला तरी त्यास शेजारच्या जागेवर उभें राहतां येतें. दुसरा मुद्दा उमेदवारांच्या सोयीचा आहे. मतदारांच्या सोयीचा नव्हे. पहिल्या मुद्द्याचा हिशेब पाहूं. पुण्यांत २०११ च्या जनगणनेनें समाविष्ट गांवांसह सुमारें ३५ लक्ष लोक आणि १६५ नगरसेवक, म्हणजे दर नगरसेवकामागें २१ हजार माणसें. चारांचा प्रभाग म्हणजे ८४ हजारांची वस्ती. एवढ्या वस्तींत घरोघर फिरणें पक्षाच्या पाठबळावांचून आणि पैशावांचून कोणास शक्य आहे ? पेठेंतील एखादा सालस वकील, डॉक्टर किंवा व्यापारी स्वतःच्या नांवलौकिकावर उभा राहील ही आशा तेथेंच संपते. निवडून आल्यावरही गटार तुंबलें तर चौघांपैकीं कोणास धरावें ? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो, आणि बारभाईच्या कारभारास कोणी धनी राहत नाहीं. आमचें मत स्पष्ट आहे : एका प्रभागास एक नगरसेवक असावा. पण यांत कोणाचा मतभेद असला, तरी एवढें तरी त्यानें मान्य करावें कीं, एक असोत वा चार, तो आंकडा दर निवडणुकीस बदलतां कामा नये.

सीमा कोणीं आंखाव्या याबरोबरच त्या कोणत्या आंकड्यांवरून आंखाव्या हाही प्रश्न आहे. नियमानें प्रभागांची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्क्यांहून कमीजास्त असूं नये. नियम उत्तम आहे. पण २०२६ सालीं तो लावला गेला २०११ च्या लोकसंख्येस. पंधरा वर्षांत शहराच्या कडेला उंच इमारतींचीं रानें उठलीं, आणि जुन्या पेठांतील वाडे रिकामे झाले. कागदावर सारखे दिसणारे दोन प्रभाग प्रत्यक्षांत किती विषम झाले असतील, याची कल्पना प्रत्येक शहरवासीयास आहे. हाच टेनेसीचा रोग. फक्त आपल्याकडे तो जनगणना न झाल्यामुळें जडला.

मग उपाय काय ? ते चार आहेत, आणि त्यांतील एकही अशक्य नाहीं.

पहिला : सीमा आंखण्याचें काम मंत्र्यांच्या खात्याकडून काढून स्वतंत्र आयोगाकडे कायद्यानें द्यावें. केरळांत राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखालीं असा आयोग असतो आणि तेथील स्थानिक संस्थांचे प्रभाग तोच आंखतो. जें केरळास साधलें तें महाराष्ट्रास न साधण्याचें कारण नाहीं.

दुसरा : सीमा, प्रभागांची संख्या आणि दर प्रभागामागें सभासदांची संख्या, या तिन्ही गोष्टी दर जनगणनेनंतर एकदां ठराव्या व पुढील जनगणनेपर्यंत त्यांस कोणीं हात लावूं नये. सरकार बदललें म्हणून शहराचा नकाशा बदलतां कामा नये.

तिसरा : प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या, प्रगणक गट व नकाशा लोकांपुढें ठेवावा, आणि प्रत्येक हरकतीवर कारणांसह लेखी निर्णय द्यावा. ज्यास कारण सांगावें लागतें त्याचा हात रेघ वांकडी करतांना थोडा तरी अडखळतो.

चौथा, आणि आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा : मुदत संपण्यापूर्वीं सहा महिने नव्या सीमा अंतिम झाल्या नाहींत, तर निवडणूक जुन्या सीमांवर आपोआप व्हावी, असें कलम कायद्यांत घालावें. अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यांत २००६ सालींच सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें आहे कीं, पांच वर्षांची मुदत घटनेनें ठरविलेली आहे आणि प्रभागरचनेच्या सबबीवर निवडणूक लांबवितां येत नाहीं. तत्त्व असें स्पष्ट असतांही आपल्याकडे निवडणुका होण्यास ६ मे २०२५ च्या व नंतर मुदत वाढविणाऱ्या १६ सप्टेंबर २०२५ च्या न्यायालयीन हुकुमांची वाट पाहावी लागली. तत्त्वास कलमाचें बळ दिलें, तर विलंबांत कोणाचा फायदाच उरणार नाहीं. आणि ज्यांत फायदा नाहीं तो विलंब कोणी करीत नाहीं.

हें सर्व आजच कां ? नव्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ अशी सरकारनें २०२५ सालीं जाहीर केली. तिचे आंकडे हातीं येतील तेव्हां कोणता भाग वाढला, कोणता आटला, आणि नव्या रेघांनीं कोणाचें भलें होईल, हें प्रत्येक पक्षास कळेल. आणि तें कळल्यावर निःपक्षपाती कायदा करण्याची इच्छा कोणास राहणार नाहीं. आज तें कोणासच ठाऊक नाहीं. पुढील निवडणूक २०३१ च्या सुमारास आहे. त्या वेळीं सत्तेवर आपण असूं कीं विरोधांत, हेंही आज कोणता पक्ष छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. पत्ते वांटण्यापूर्वींच खेळाचे नियम ठरविणें सोपें असतें. हातीं पत्ते आल्यावर प्रत्येकास निराळा नियम सुचतो.

नागरिकांचें आणि व्यापारी मंडळांचें कर्तव्य यांतून उघड होतें. निवडून आलेल्या नगरसेवकाकडे आपण दिवा, गटार आणि परवाना यांसाठीं जातों. त्याच फेरींत त्यास या कायद्याविषयीं तुझें मत काय, हाही प्रश्न टाकावा. प्रत्येक शहरांतील व्यापारी संघानें व वकील संघानें या चार मागण्यांचा ठराव करून आपल्या आमदाराकडे पाठवावा, आणि त्याचें लेखी उत्तर मागावें. सभागृह रिकामें असतांना आपण चार-पांच वर्षें तक्रार केली. तें पुन्हां रिकामें होऊं नये म्हणून लागणारी खटपट सभागृह भरलेलें असतांनाच करावी लागेल. दुकानांतील काट्यावर शिक्का आहे कीं नाहीं हें जें गिऱ्हाईक वळून पाहतें, त्यानें आपल्या मताच्या काट्याकडेही एकदां वळून पाहावें.